रुपचंदभाऊंचं भरीत

डॉक्टर मोहिनींनी संगणकाचा पडदा वळवला, तसा रुपचंद खुर्चीत ताठ बसला. कालची अर्धी रात्र पोट साफ करायचं औषध पिण्यात आणि परसाकडच्या वाऱ्यांत गेली होती. दुर्बिणीच्या तपासणीची गुंगी नुकतीच उतरली होती. तरी इस्त्रीचा सदरा घालून माणूस असा बसला होता, जणू सोयरीक पाहायला आलाय. शेजारी बायको, भिकुबाई, मांडीवर पिशवी घट्ट धरून बसली होती. तिची नजर पडद्याकडे नव्हतीच, ती डॉक्टरांचा चेहरा वाचत होती.

"हा फोटो दोन वर्षांपूर्वीचा," डॉक्टर म्हणाल्या. मोठ्या आतड्याचं अस्तर लालभडक होतं, जागोजाग व्रण होते.

"तव्हा मी बरा व्हतो," रुपचंद म्हणाला.

"तुम्हाला बरं वाटत होतं, भाऊ."

हे भांडण दोघांमध्ये जुनं होतं. सहा वर्षांपूर्वी रक्त पडायला लागलं, दिवसाला दहादहा वेळा पळायची पाळी आली, अंगावरचं मांस उतरलं, तेव्हा रुपचंद पाचोऱ्याहून जळगावला या बाईंकडे आला होता. आतड्याला सूज आहे, आजार लांब चालणारा आहे, औषधही लांब चालेल, असं त्यांनी तेव्हाच सांगितलं. औषधानं रक्त थांबलं, वजन परत आलं, आणि रुपचंदनं स्वतःला बरं जाहीर करून टाकलं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मात्र शौच तपासायला लावलं. त्यात सूज दिसली. दुर्बीण घातली तर हे व्रण. माणूस धडधाकट आणि आतडं मात्र असं.

"शांत झालंय आणि भरून आलंय, यात फरक असतो," डॉक्टर तेव्हा म्हणाल्या आणि औषध बदललं.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर रुपचंदनं बायकोला सांगितलं होतं, की आतडं भरल्याचं कॅमेऱ्यात दिसेपर्यंत आपलं भरीत आपण तोंडात घालणार नाही. आजार पेटल्यापासून ते सुटलेलंच होतं. डॉक्टरांनी तिखट तेव्हापुरतंच बंद केलं होतं, पुढची अट त्याची त्यानंच घातली.

अट साधी नव्हती. हिवाळा लागला की शेताशेतांवर भरीत पार्ट्या होत आणि आसपासच्या गावांतून बोलावणं यायचं ते रुपचंदभाऊलाच. हिरवी वांगी कापसाच्या वाळल्या काटक्यांवर, पऱ्हाट्यांवर भाजावीत, सोलावीत, लाकडी मुसळानं ठेचावीत, हे कोणालाही येतं. पण मीठ-मिरचीचा हात त्याचा, असं तो सांगायचा आणि लोक मानायचे. आजारपणात चाखायचं काम भिकुबाईकडे आलं. तो ठेचायचा, ती बोटावर घेऊन जिभेला लावायची. तो विचारायचा, "मीठ?" ती म्हणायची, "आजून चिमूटभर." तो विचारायचा, "मिरची?" ती म्हणायची, "बास."

"हा आजचा," डॉक्टरांनी पुढचा फोटो उघडला.

गुलाबी, ओलसर, गुळगुळीत अस्तर. खालच्या बारीक रक्तवाहिन्याही स्वच्छ दिसत होत्या. रुपचंद पुढे वाकला. हे आपल्या आतलं आहे, यावर त्याचा विश्वास बसायला थोडा वेळ गेला.

"व्रण एकही नाही. छोटे तुकडे तपासायला पाठवलेत, तो रिपोर्ट येऊ द्या. पण मला दिसतंय ते भरून आलेलं आतडं आहे."

"म्हंजे गोया बंद?"

"गोळ्यांनीच भरलंय. त्या चालू राहतील. मधूनमधून शौचाची तपासणीही होईल, बरं वाटत असलं तरी."

"ते व्हऊ द्या," रुपचंद म्हणाला. मग जरा घसा साफ करून, "आन् भरीत?"

डॉक्टर हसल्या. "रिपोर्ट चांगला आला की खा. थोडं, बेतानं."

भिकुबाईनं पदर डोळ्यांना लावला. या सहा वर्षांत तिला रडायला फुरसत मिळाली नव्हती, ती आत्ता मिळाली. रुपचंद तिच्याकडे न बघता डॉक्टरांना म्हणाला, "तुम्ही या एकदा. मन्हा हातनं भरीत खाई पहा. आजार व्हता तरी हात बिघडना नही. उलट बोलावणं वाढनं. आते ते बाया-पोरं बी मांगी मांगी खातस."

रिपोर्ट चांगला आला. त्याच आठवड्यात हिलाल आप्पांच्या शेतावर पार्टी होती. बातमी रुपचंदच्या आधी पोचली होती, त्यामुळे पहिला घास भाऊंचा, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. पऱ्हाट्या पेटल्या, वांगी काळी पडून मऊ झाली. रुपचंदनं सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि नेहमीसारखं ठेचलं. भिकुबाईनं नेहमीसारखं चाखलं. पातीचा कांदा, शेंगदाणे पडले, लसणाची फोडणी बसली. मग तिनं ताटलीत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि चमचाभर भरीत ठेवून ती त्याच्या हातात दिली.

रुपचंदनं घास घेतला. चावला. थांबला.

त्याच्या भरताला पहिल्या घासाला कपाळावर घाम यायचा, तोच त्याचा शिक्का होता. हे भरीत आधी भाजल्या वांग्याचा धूर देत होतं, मग लसूण, मग पात, आणि मिरची सगळ्यांत शेवटी, हळूच. त्यानं दुसरा घास घेतला. चव फार चांगली होती. ओळखीची मात्र नव्हती.

"काय भाऊ," हिलाल आप्पांनी विचारलं, "तीच चव शे ना? आमी ते सहा सालपासून हाईच खाई राह्यनूत."

रुपचंदनं बायकोकडे पाहिलं. ती चुलीतला पऱ्हाटीचा तुकडा उगाचच मागेपुढे करत होती.

"मिरची तू कमी करी टाकी," तो हळू आवाजात म्हणाला.

"तुम्ही इचारं, मी सांगं," ती म्हणाली. "जीभ ते मन्हीच व्हती ना."

रुपचंदला राग यायला हवा होता. तो कुठे सापडतो का, हे त्यानं प्रामाणिकपणे शोधलं. सापडली ती भूक. भाकरीनं त्यानं ताटली पुसून घेतली आणि माना उंचावून बसलेल्या लोकांकडे वळला.

"हाई भरीत मन्हं नही," तो म्हणाला. "हिन्हं शे."

लोकांना ती गंमत वाटली. हसत हसत पंगत बसली आणि बघता बघता पातेलं तळाला गेलं. दुसरा घाणा लावायची वेळ झाली. रुपचंद पुन्हा मुसळ घेऊन बसला. मिरचीचा ठेचा त्याच्या हाताशी होता, चाखायला आता स्वतःची जीभही मोकळी होती. त्यानं अर्धी पळी ठेचा टाकला, हात थांबवला आणि मान वर केली.

"मिरची?"

भिकुबाईनं बोट जिभेला लावलं.

"बास."