दोन खोल्यांची चतुःसीमा

त्या दिवशी अंगणात वांगी निवडणं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी आर्वीचा बाजार. मी, मोठी सून उज्वला आणि धाकटी सून अंकिता, तिघी बसलो होतो. तेवढ्यात ग्रामपंचायतीचा भोंगा वाजला. उद्या सकाळी गावावर ड्रोन उडणार, वरून फोटो काढून गावठाणाचा नकाशा होणार, घरोघरी मालकीचं कार्ड मिळणार. सगळ्यांनी आपापल्या हद्दीवर चुन्याची रेघ मारून ठेवावी. ज्याची रेघ नाही त्याची हद्द नकाशात दिसणार नाही.

शेजारची नलू कुंपणावरून ओरडली, "गोपिकाबाई, माह्या नहाणीले छत नाई व! वरून मलेच काढतीन काय फोटोत?"

"तुहा फोटो काढून ते कार्ड द्याचं कोणाले?" मी म्हटलं. "आंघोळ लवकर उरकजो, झालं."

उज्वला हसली. अंकिताही हसली, पण तोंडावर पदर घेऊन. नीरज गेल्यापासून ती तशीच हसते.

नीरज माझा धाकटा. दोन वर्षांपूर्वी विहिरीवरच्या मोटारीचा करंट लागून गेला. लग्नाआधी त्यानं घरामागे दोन खोल्या बांधल्या होत्या. मिस्त्री लावला नाही. विटा त्यानंच रचल्या, टिनं त्यानंच ठोकली. त्या खोल्यांत अंकिता आणि तिची पोरगी खुशी राहत होत्या. पुढच्या घरात मोठा मुलगा कैलास, उज्वला आणि मी. मालक, म्हणजे बापूराव, अकरा वर्षांपूर्वी वारले. तेव्हा ग्रामपंचायतीच्या कागदावर मीच कैलासचं नाव लावायला सांगितलं. घराला एक नाव पुरे, असं माझं मत. माझ्या घरात माझं मत म्हणजे ठराव.

आता चुना टाकणं हे सरकारी काम. पण आमच्या गावानं त्याची पूजा केली. दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंचानं बायकोसोबत नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, पहिली मूठ दोघांनी मिळून टाकली. तासाभरात गावभर ठरून गेलं की हद्दीचा चुना जोडप्यानंच टाकायचा. कोणी ठरवलं, ते नाव सांगता येणार नाही. असल्या गोष्टी ठरवायला आमच्यात बैठक लागत नाही.

कैलास आणि उज्वला नवे कपडे घालून अंगणात आले. तेवढ्यात मागून अंकिता आली. डोक्यावर घमेलं, घमेल्यात चुना. स्वतःच्या पैशानं आणलेला.

"आत्या, मी माह्या दोन खोल्यायले वेगळी रेघ मारतो," ती म्हणाली.

"ठेव ते घमेलं खाली. पूजेच्या कामात तुहा हात काऊन?"

"पूजा नाई ना आत्या. मोजणी आहे. भोंग्यावर सांगतलं, ज्याची रेघ नाई..."

"ऐकलं मी. बहिरी नाई झाली अजून. एका घराले दोन रेघा मारल्या तं लोकं काय म्हणतीन? नवरा गेला न बाई वेगळी निघाली. मी एवढी मोठी, मी येऊन राह्यली काय समोर? मीही दारामागंच उभी आहे ना? तू कालची आलेली, तुले पुढं याचं आहे?"

ती उभीच राहिली. मग हळूच म्हणाली, "तं तुम्हीच मारा आत्या. तुमच्या हातानं मारा माही रेघ."

सांगते, इथं मी थांबायला पाहिजे होतं. पोरीनं मला वाट काढून दिली होती. पण माझा हातही तोच, कुंकू पुसलेला. तो मी अकरा वर्षं कोणत्याच शुभकामाला लावला नाही, आणि त्याचाच मला मान वाटायचा. मी म्हटलं, "खोलीत जा. पूजा होईपर्यंत बाहेर येऊ नको." तिच्या दाराला कडी मी बाहेरून लावली.

कैलासनं सगळ्या जागेला एकच रेघ मारली. उज्वला मागून कुंकू टाकत गेली. अर्ध्या तासात शाळेच्या मैदानातून ते यंत्र उठलं. मोठ्या भुंग्यासारखा आवाज करत घरांवरून गेलं, वळलं, परत आलं. लोकं गच्चीवर चढून हात हलवत होते. मोजणीवाल्या साहेबांनी जाताना विचारलं, "मागच्या खोल्या कोणाच्या?"

"आमच्याच," कैलास म्हणाला.

मी कडी काढायला गेली तेव्हा ड्रोन पेटीत बंद झाला होता.

दोन महिन्यांनी चौकशीचा कॅम्प लागला. ग्रामपंचायतीत एक मॅडम आल्या, तरुण, गळ्यात ओळखपत्र. ज्याची काही हरकत असेल त्यानं सांगावी. अंकितानं अर्ज दिला होता. आदल्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आत्या, माह्याजवळ कागद नाई. तुम्ही एवढंच सांगा, खोल्या त्यायनं बांधल्या अन आम्ही तिथं वेगळं राह्यतो. बाकी काई नको."

"पाहू," मी म्हटलं.

सकाळी कैलासनं चहा आणून दिला. जन्मात पहिल्यांदा. म्हणाला, "माय, तुले खोटं बोलाले नाई सांगत मी. घर एकच आहे ना? बाबाचं एकच घर ना? तं तेवढंच सांगजो."

मॅडमनी टेबलावर मोठा कागद पसरला. वरून काढलेलं आमचं घर. बाई, काय साफ फोटो होता! तुळशीचा ओटा दिसत होता. मागच्या टिनावर वाऱ्यानं उडू नये म्हणून नीरजनं ठेवलेला जुना टायर दिसत होता. तारेवर खुशीचा शाळेचा फ्रॉक वाळत होता. सगळं दिसत होतं आणि सगळ्याभोवती एकच पांढरी रेघ होती. बंद दार मात्र वरून दिसत नाही. तिथं टिनंच दिसतात.

"आजी, ह्या दोन खोल्या कोणी बांधल्या? तिथं वेगळं कुटुंब राहतं का?"

कैलास माझ्याकडे पाहत होता. अंकिता पाहत नव्हती. ती फोटोतल्या फ्रॉककडे पाहत होती. गावात मला सगळे भितात. तहसीलदाराला मी तोंडावर बोलली आहे. त्या दिवशी मात्र कैलासच्या ताटात जेवायचं आहे, कैलासच्या खांद्यावर जायचं आहे, एवढंच डोक्यात आलं.

"घर एकच आहे," मी म्हटलं.

मॅडमनी लिहून घेतलं. "सही करता की अंगठा?"

"सही!" मी म्हटलं. "चौथी शिकलेली आहे मी." आणि वळणदार अक्षरात, रेघेवर, चुकू न देता सही केली: गोपिका बापूराव तिजारे. तशी सही करता येते ह्याचा मला त्या क्षणीही अभिमान वाटला. आज ते आठवलं की हात तोडून टाकावासा वाटतो.

अंकिता उठली. तिनं मॅडमला नमस्कार केला आणि गेली.

कार्ड आलं. त्यावर एकच नाव, कैलास बापूराव तिजारे. माझंही नाव नव्हतं. घराला एक नाव पुरे, ह्याचा अर्थ मला तेव्हा कळला. पंधरा दिवसांनी कैलासनं सांगितलं की मागच्या खोल्या पाडून शेड टाकायची आहे. अंकितानं भांडण केलं नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. खुशीचा दाखला काढला, शिलाई मशीन गाडीवर चढवली आणि अल्लीपूरला भावाकडे गेली. भावाची बायको त्यांना ओसरीत झोपू देते, असं ऐकते.

मी एकटी एसटीत बसून तालुक्याच्या ऑफिसात गेली. तिथल्या बाबूला म्हटलं, "मी खोटं सांगतलं. ते खोडा, मी खरं सांगतो."

त्यानं फाईल काढली. "आजी, जबाब तुमचाच, सही तुमचीच."

"म्हणूनच आली ना! मी नाई सांगतलं तं कोण सांगणार?"

"हरकतीची मुदत गेली. आता तुमच्या सुनेनं अपील करायचं, नाहीतर कोर्ट."

"अन मी?"

"तुमच्यासाठी असा काही अर्ज नाही, आजी." तो वाईट माणूस नव्हता. त्यानं मला पाणी दिलं.

बाहेर येऊन अंकिताला फोन लावला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, मी तारखेवर येऊ कशी? एक दिवस मजुरी बुडली तं वहिनी दोन दिवस बोलते. राहू द्या आता. तुम्ही जेवल्या काय?"

मी फोन ठेवला.

खोल्या अजून उभ्या आहेत. दिवाळी झाली की पाडणार. कैलासला मी रोज बोलते. तो ऐकून घेतो आणि कामाला जातो. माझं बोलणं त्याला आता भोंग्यासारखं झालं आहे. नलू म्हणते, झालं गेलं सोडून द्या. तसं पाहिलं तर कोणी दुष्ट नाही इथं. सगळ्यांनी रीत पाळली, मी तर सगळ्यांत जास्त पाळली, आणि एक पोर बापानं बांधलेल्या घरातून निघून गेली.

ज्या सासवा हे वाचत असतील, त्यांनी एवढं पाहावं की घरातली विधवा सून आज कुठे उभी आहे. दारामागे असेल तर कडी कोणत्या बाजूनं आहे, तेही पाहावं.

सरकारजवळ माझ्यासाठी अर्ज नाही, म्हणून माझा जबाब इथं पेपरात देते. कोणाला कापून ठेवावासा वाटला तर ठेवा.

अंकिता नीरज तिजारे हिच्या दोन खोल्या, विटांच्या, वर टिन. पूर्वेला नलूचं कुंपण. पश्चिमेला गुरांचा कोठा. उत्तरेला नाली. दक्षिणेला मोठं घर, ज्यात मी राहते. ह्या चार बाजूंच्या आतलं सगळं माझ्या मुलानं त्याच्या हातानं बांधलं. ते त्याच्या बायकोचं आणि पोरीचं आहे. मला हे तेव्हाही माहीत होतं.

सही: गोपिका बापूराव तिजारे