चामडं कशानं धुवावं

राजरत्नने खोगिराचा बाजूचा पदर वर केला आणि आतला तुटका पट्टा दोन बोटांत धरून हळूच वाकवला. चांगलं कातडं अशा वेळी हाताखाली नमतं. हे नमलं नाही. त्यावर बारीक भेगा उमटल्या आणि पांढुरकी भुकटी त्याच्या मांडीवर सांडली.

समोरच्या बाकावर सांगलीकडचे अजितकुमार पाटील आणि त्यांची बायको गुणमाला बसली होती. म्हसवडच्या स्टँडवरून खोगीर खांद्यावर घेऊन आलेले अजितकुमार अजून टॉवेलने मान पुसत होते. गुणमालाबाई मात्र राजरत्नच्या बोटांकडे बघत होत्या.

“घोड्याच्या पोटाखालनं तंग येतो, तो ह्या पट्ट्याला अडकवत्यात,” राजरत्न म्हणाला. “पट्टा गेला की खोगीर फिरतंय.”

“फिरलंच की,” अजितकुमार म्हणाले. “उसातल्या रस्त्यानं घोडी पळत हुती. पोरगं खाली आलं ते कंबरेवरच.”

पोरगं म्हणजे अतिशय नावाचा त्यांचा एकुलता एक मुलगा. अर्धा पावसाळा अंथरुणात काढून आता तो काठी घेऊन अंगणात हिंडत होता, आणि पहिल्यांदा काय बोलला असेल तर हे, की खोगीर नीट करून आणा. अजितकुमारांना ते मुळीच पटलेलं नव्हतं. घोडी विकायची त्यांनी ठरवलं होतं. पण गुणमालाबाई खोगीर घेऊन एकट्याच निघाल्या, तेव्हा तेही एसटीत चढले.

राजरत्नला हे काम घ्यायचं नव्हतं. उमेदीची सगळी वर्षं त्याने फौजेत खेचरांच्या कंपनीत खोगिरं शिवणारा सॅडलर म्हणून काढली होती आणि पेन्शनीवर आल्यावर घरापुढे हे पत्र्याचं दुकान टाकलं होतं. वरातीची घोडी, शर्यतीची घोडी, जे येईल ते. आता उजव्या अंगठ्याचा सांधा सुजून बसला होता. आरीने एकेक भोक पाडायचं, दोन्ही बाजूंनी सुया घालून मेणाचा दोरा आवळायचा, आणि प्रत्येक टाक्याला कळ कोपरापर्यंत जायची. सिद्धनाथाची यात्रा झाली की दुकान बंद, असं त्याने दीपमालाला, बायकोला, सांगून टाकलं होतं. आज सकाळीच त्याने कातडं कापायची रापी नि आऱ्या पुसून, तेलाचा हात फिरवून ट्रंकेत ठेवायला काढल्या होत्या.

“आमी जैन. आमच्यात चामडं घरात घेत न्हाईत,” गुणमालाबाई एकदम म्हणाल्या. “त्यानं हे आणलं तवा मी म्हटलं, गोठ्याच्या अलीकडं आणू नगंस. लय दिवस त्याच्याशी नीट बोललेबी न्हाई. त्याला माझ्या रागाचं वाईट वाटायचं, पण बोलून दावायचा न्हाई.”

“जाऊ दे की आता,” अजितकुमार म्हणाले.

“मग एकदा तो मित्रासंगं कोयनानगरला गेला हुता. गेल्या वर्षीचा दसरा तोंडावर आलेला. गोठ्यात गेले, तर हे धुळीनं भरलेलं. मला कसंतरीच झालं. म्हटलं, पोराचा एवढा जीव हाय ह्याच्यावर. बाहेर काढलं आन् माझ्या हातानं धुतलं. गरम पाण्यात सोडा टाकून, कोपरा न् कोपरा घासला. दोन दिवस गच्चीवर कडक उनात वाळवलं. लख्ख निघालं हुतं, दादा. आल्यावर बघतच ऱ्हायला. माझ्या गळ्यात पडला.”

राजरत्नने पट्टा पदराखाली सारला. मांडीवरची भुकटी झटकली.

“तर हे तुटलं कशानं?” गुणमालाबाईंनी विचारलं.

खोगिराच्या पुढच्या कडेवरून तो उगीचच अंगठा फिरवत राहिला.

“दोऱ्यानं,” तो म्हणाला. “आतला दोरा कुजलेला हुता. इकत घेतानाच तसला असणार. बाहेरनं कुणालाबी दिसला नसता.”

गुणमालाबाईंचे खांदे जरासे खाली आले. अजितकुमारांनी टॉवेलची घडी घातली आणि पुन्हा मोडली.

“मग आता नीट झाल्यावर ह्याची निगा कशी ठिवायची, ते सांगा,” त्या म्हणाल्या. “चामडं कशानं धुवावं? मला यातलं कळत न्हाई. तुमी सांगाल तसं करीन.”

हे तर तो येणाऱ्या प्रत्येकाला न विचारता सांगायचा. बराकीत पाठ झालेलं होतं ते. नुसत्या ओल्या फडक्याने पुसायचं. सोडा लावायचा नाही, गरम पाणी घालायचं नाही. उन्हात ठेवायचं नाही, सावलीत वाळवायचं आणि मग तेल द्यायचं. आता यातला एक शब्द जरी तोंडातून गेला असता, तरी समोरच्या बाईला सगळं कळलं असतं. आणि नाही सांगितलं, तर पुढच्या दसऱ्याला ती नवे पट्टे सोड्याच्या पाण्यात घालणार, आणि पोरगं त्यावर बसणार.

दीपमाला चहा घेऊन आली. राजरत्नने कप घेऊन बाजूला ठेवला.

“घरी कायबी करू नका,” शेवटी तो म्हणाला. “हातच लावू नका. म्हैन्यातनं एकदा माझ्याकडं धाडा. मी करून दीन.”

“एवढ्या लांब?” अजितकुमार म्हणाले. “दर म्हैन्याला?”

“हे कातडं जरा येगळं हाय, अण्णा.”

दीपमाला ट्रे घेऊन तिथेच थांबली होती. “आवं, पर यात्रा झाल्यावर तुमी तर…”

“बघू,” राजरत्न म्हणाला.

त्याने तुटका पट्टा तर बदललाच, पण धड दिसणारेही सगळे काढून टाकले, कारण ते त्याच पाण्यातून निघालेले होते. गादी उसवून आतली गोळा झालेली लोकर पिंजून भरली. चार टाके घातले की हात मांडीवर ठेवून बसायचा. अजितकुमार येऊन खोगीर घेऊन गेले. यात्रा आली आणि गेली. ट्रंक उघडीच राहिली. दीपमालाने त्यावर काही विचारलं नाही, फक्त रोज सकाळी मीठ घालून पाणी तापवून त्याच्यापुढे ठेवू लागली. तो त्यात अंगठा बुडवून बसायचा.

पुढच्या महिन्यात गुणमालाबाई एकट्याच आल्या. विट्याला गाडी बदलून, खोगीर जुन्या सतरंजीत गुंडाळून. बाकाच्या टोकाला अंग चोरून बसल्या. राजरत्नने वाटीत तेल ओतलं.

“चरबी तर न्हाई ना ही?”

“एरंडेल हाय, वैनी.”

तो पट्ट्यांवर फडकं फिरवू लागला.

“अतिशयला सांगितलं मी,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“सोड्याचं.”

राजरत्नचा हात थांबला.

“तुमी मला काय करायचं तेबी सांगितलं न्हाई, काय न्हाई करायचं तेबी न्हाई. परतताना गाडीत तेच डोक्यात हुतं. असं कोण म्हणतंय, हातच लावू नका म्हणून? म्हंजे मी जे केलं, त्यानंच झालं.”

“आवं वैनी, दोरा…”

“दोऱ्याचं ऱ्हाऊ द्या, दादा.”

रस्त्याने मेंढरांचा कळप चालला होता. त्यांचा आवाज दुकानात भरला आणि हळूहळू ओसरला.

“म्हटलं, पोराला तरी खरं कळू दे. तर तो म्हणाला, मला ठाऊक हुतं.” त्यांनी पदर बोटाभोवती गुंडाळला. “कोयनेवरनं आला, त्याच दिवशी पट्टा वाकवून बघितला हुता म्हणं. माझ्या माघारी तेल चोळायचा. नवं पट्टं आणलं असतं, तर मी इचारलं असतं, का बदललं. तेवढ्यासाठी तसंच चढत ऱ्हायला त्याच्यावर.”

राजरत्नने तेलाची वाटी जरा बाजूला सारली. त्याचा अंगठा ठणकत होता. बाहेर दीपमाला वाळवण उलटत होती, तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता.

गुणमालाबाई रडत नव्हत्या. नुसत्या बसल्या होत्या, लांबचं चालून आल्यासारख्या.

त्याने हातातलं फडकं मधोमध फाडलं आणि अर्धा तुकडा त्यांच्यापुढे धरला. क्षणभर त्या त्याकडे बघत राहिल्या. मग बाकावरून उठून खोगिराच्या पलीकडे खाली बसल्या, आणि फडकं घेतलं.

“तेल थोडंच घ्या,” तो म्हणाला. “आन् आतल्या बाजूनं आधी. कातडं तिकडनंच पितं.”