श्रीपाद सरांच्या गाडीचा आवाज

श्रीपाद सरांना गाडीचा आवाज बदलून घ्यावासा वाटला तो एका लग्नात. लातुरातल्या एका बड्या डॉक्टरच्या मुलीचं लग्न होतं आणि मंगल कार्यालयाच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागली होती. सरांची नवी काळी एसयूव्ही आत शिरली ती मांजरीच्या पावलानं. पुढच्या सीटवर भेटवस्तूचा भलामोठा खोका ठेवलेला, म्हणून आदर्श मागं बसला होता. फाटकावरच्या माणसानं लगबगीनं मागचं दार उघडलं, आदर्शला सलाम ठोकला आणि सरांच्या काचेवर टिचकी मारून म्हणाला, "ड्रायव्हर लोकांनी गाड्या मागल्या बाजूला लावायच्या."

आदर्शनं हसू गिळलं. सरांना जेवण गेलं नाही.

आदर्श सरांच्या क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचा. चार पोरांसमोर सर त्याला 'आदर्श सर' म्हणायचे आणि केबिनचं दार लागलं की 'अरे आदर्श'. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं तेव्हा पार विदर्भातून लातूरला येत होती. घराघरांवर खोल्या चढत होत्या, आणि चौकाचौकात मास्तरांचे फोटो लागले होते, सिनेमावाल्यांना कुणी विचारत नव्हतं. त्यांतला सर्वांत मोठा फोटो श्रीपाद सरांचा. भर मे महिन्यात कोट घालून, हाताची घडी घालून सर उड्डाणपुलाकडे असे बघत की जणू तो त्यांनीच बांधलाय. शिकवणं म्हणाल, तर सर फिजिक्सची सूत्रं चालीवर पाठ करून घेत. का, हे विचारणाऱ्या पोराला म्हणत, "परीक्षेत 'का'ला मार्क नसतात."

"लोकांना दिसत नाही रे आदर्श," लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "लोकांना ऐकू येतं. त्या अमृतरावची गाडी चौकाच्या अलीकडूनच ओळखू येते."

अमृतराव म्हणजे बायोलॉजीवाले. त्यांचा फोटो सरांच्या फोटोहून वीतभर लहान होता, पण गाडी गुरगुरायची.

नांदेडला देगलूर नाक्याच्या पुढं नरसिंगचं गॅरेज होतं. गॅरेज कसलं, दिवाणखाना. काचेची केबिन, आत गारवा, भिंतीवर पुढाऱ्यांच्या गाड्यांचे फोटो. मनगटात कडं आणि डोळ्यांवर काळा चष्मा घातलेला नरसिंग गाडीखाली स्वतः कधीच वाकत नसे. तो फक्त बोलायचा, आणि असा बोलायचा की गिऱ्हाइकाला आपण मुलगी बघायला आलोय असं वाटावं.

"सर, आवाजाच्या दोन जाती असतेत. एक फटफट. ते गल्लीतले पोट्टे करून घेतेत. पूर्ण सायलेन्सर काढून नुसता पाइप टाकला का आवाज होते, पण गाडी मरते. खालचं पिकअप बसते. पाइप लई रुंद केला तरी तेच." त्यानं छातीवर हात ठेवला. "दुसरा हा. इथं घुसणारा. मी काय करून राहिलो, धूर साफ करायच्या डब्याला हात नाही लावत. मधला डबा काढतो, मागं आरपार सायलेन्सर बसवतो, वळणं ऐसपैस घेतो. ताकद एक तोळा कमी नाही व्हायची."

"ताकद कमी होता कामा नये," सर म्हणाले. "आणि कर्कश नको. आपलं काम शिक्षणाचं आहे. भारदस्त पाहिजे."

"कायद्यात बसतं का हे?" आदर्शनं विचारलं.

नरसिंगनं चष्म्याआडून त्याच्याकडे पाहिलं की नाही, कळलं नाही. "ज्यांच्या गाड्या मी करतो ना, त्यांना पोलीस नमस्कार करतेत."

सरांनी आदर्शकडे असं पाहिलं की बघ, याला म्हणतात माणूस.

काम मात्र चोख झालं होतं, ते नाकारण्यात अर्थ नव्हता. लोहा मागं पडलं, अहमदपूर आलं, चढावर गाडी पहिल्यासारखीच उसळत होती. आवाज मोठा नव्हताच. खोल होता. इंजिन एका ठरावीक फिरकीला आलं की सबंध गाडी घुमायची, सीटमधून मणक्यात चढायची. सरांनी ती जागा शोधून काढली आणि तिथंच पाय धरून ठेवला. "इथं. इथं ऐक," ते डोळे अर्धे मिटून म्हणत होते, भजनाला बसल्यासारखे. आदर्शचं डोकं ठणकत होतं आणि त्या घुमण्यात काहीतरी ओळखीचं वाटत होतं. काय ते, हे त्याला चाकूरपर्यंत उमगलं नाही. उमगलं तेव्हा त्यानं काच खाली केली. सर म्हणाले, "लाव ती. आवाज बाहेर जातो."

बाहेर जायलाच तर केला होता.

पुढच्याच महिन्यात सरांनी खेड्यांतल्या दहावी पास पोरांचे सत्कार सुरू केले. सत्कार म्हणजे हार, पेन आणि क्लासचं माहितीपत्रक. पहिलं गाव आदर्शचंच निघालं, नवं चिंचखेड. जुनं चिंचखेड त्र्याण्णवच्या भूकंपात गेलं होतं. आता तिथं दगडांचे ढीग आणि बाभळी होत्या. नवं गाव माळावर, सरकारनं आखून दिलेलं, सरळ रस्ते, एकासारखी एक घरं, वर पत्रे. आदर्श तेव्हा शाळकरी होता. त्या पहाटे आधी आवाज आला होता आणि मग जमीन हलली होती. त्या दोन्हींच्या मधल्या श्वासभर वेळात त्याच्या मायनं, सरजाबाईनं, जवळ झोपलेल्या आदर्शला उचललं. भिंतीकडेला झोपलेल्या थोरल्या लेकीपर्यंत, लुंबिनीपर्यंत, तिचा हात पोचला नाही. तेव्हापासून चिंचखेडची माणसं जमिनीतून गुरगुर आली की कारण विचारत बसत नाहीत, बाहेर पडतात. अधूनमधून अशी गुरगुर त्या भागात येतच असते.

हे आदर्शला ठाऊक होतं. म्हणून गावाच्या फाट्यावर तो म्हणाला, "सर, गाडी इथंच लावू. शाळा जवळच हाय, चालत जाऊ."

"चालत?" सर म्हणाले. "मी चालत जाऊ?"

"त्या आवाजानं लोक घाबरतील. भूकंपाचं गाव हाय सर."

"अरे, पंचवीस वर्षं होत आली त्याला," सर म्हणाले आणि त्यांनी गाडी गावाच्या रस्त्यावर घातली. वर सावकाश, खालच्या गिअरात, दिमाखात, मणक्यात चढणारी ती जागा पायाखाली धरून.

ऊन कललं होतं. जेवणं आटोपून माणसं आडवी झाली होती. पहिल्या ओळीतल्या पत्र्यांनी आवाज उचलला आणि ते थरथरायला लागले. मग आतली भांडी. फळीवरचं एक पातेलं खाली पडल्याचा आवाज आदर्शनं गाडीत बसून ऐकला. दारं उघडली. बायका बाहेर आल्या, काखेत पोरं, डोक्यावर पदर नाही. एक म्हातारा धोतर सावरत धावला आणि रस्त्याच्या मधोमध येऊन आभाळाकडे बघत उभा राहिला. कुणी ओरडत नव्हतं. सगळे नुसते बाहेर येत होते, घरापासून लांब, जिथं भिंत अंगावर येणार नाही तिथं.

श्रीपाद सरांनी गाडी उभी केली, इंजिन घुमतं ठेवूनच काच खाली केली आणि हात जोडले.

"बघ," ते आदर्शला म्हणाले, आणि डाव्या बाजूच्या बायकांना मान लववून नमस्कार करू लागले. "तू उगाच म्हणत होतास. केवढे लोक आलेत स्वागताला."

आदर्शला त्या क्षणी राग आलाच नाही. किळस आली. समोर त्याची माय दिसत होती. समोरच्या घरातल्या, अर्धांगानं खाटेला खिळलेल्या बसम्माला काखेत हात घालून ती ओढत बाहेर आणत होती. उंबऱ्यावर दोघींचा तोल गेला आणि दोघी रस्त्यावर पडल्या. बसम्मा कानडीत देवाचं नाव घेत होती. सरजाबाई तिच्या डोक्यावर हात धरून तशीच ओणवी राहिली.

आदर्शनं हात लांबवला आणि गाडी बंद केली.

"अरे, काय करतोयस?" सर म्हणाले, हात अजून जोडलेलेच.

आदर्श उतरला आणि पळत मायकडे गेला. तिचं कोपर सोलवटलं होतं. "माय, भूकंप न्हाई. गाडी हाय. गाडीचा आवाज हाय तो."

हे वाक्य ओळीनं पुढं गेलं, एका दारातून दुसऱ्या दारात. माणसं गाडीकडे वळून बघायला लागली. सरही उतरले होते. चुकीची समजूत दूर करायची संधी सोडतील तर ते सर कसले.

"घाबरू नका," ते वर्गातल्या आवाजात म्हणाले. "याला रेझोनन्स म्हणतात. गाडीच्या आवाजाची कंपनं आणि तुमच्या पत्र्यांची कंपनं जुळली, एवढंच. नीटला यावर दरवर्षी प्रश्न असतो."

सरजाबाई उठली. तिनं बसम्माला भिंतीपासून लांब, लिंबाखाली टेकवून बसवलं, पदर खोचला आणि सरांसमोर येऊन उभी राहिली.

"सर, गाडी बिघडलीय व्हय तुमची?"

"नाही, नाही मावशी. नवी आहे."

"मग असा आवाज कामून यालाय?"

"तो करून घेतलाय. नांदेडहून. म्हणजे ताकद अजिबात कमी न होता..."

"मुद्दाम?"

सर थांबले. आदर्शनं त्यांना वर्गात, केबिनमध्ये, पालकांसमोर, कुठंही शब्द शोधताना पाहिलं नव्हतं. आता ते शोधत होते.

"हौस असते एकेकाची," ते शेवटी म्हणाले.

सरजाबाईनं त्यांना डोक्यापासून बुटापर्यंत एकदा बघून घेतलं. "गप बसणाऱ्या गाडीला पैका देऊन बोंबलायला लावलाव," ती म्हणाली. "पोरं शिकवताव म्हणं तुमी." आणि ती बसम्माला पाणी पाजायला गेली.

सत्कार म्हणावा तसा काही झाला नाही. शाळेच्या खोलीत, छताखाली बसायला कुणी तयार नव्हतं, म्हणून सरांनी पोरांना अंगणात बोलावून हार घातले. सात-आठ पोरं आली, त्यांतल्या दोघांनी पेनं घेतली आणि पत्रकं तिथंच ठेवली. सर भाषणाला उभे राहिले तेव्हा बाया अंगणाच्या कडेनं, सरांच्या अंगावरून नजर फिरवत, घरातली अंथरुणं बाहेर आणत होत्या. भूकंप नव्हता हे कळलं होतं, पण अंगाला ते कळायला वेळ लागतो. सरांना ते दिसलं नाही. ते यशाची पंचसूत्री सांगत होते आणि तिसऱ्या सूत्रावर अडकले होते.

निघताना सरांनी किल्ली काढली, तेव्हा मघाचा धोतरवाला म्हातारा आडवा आला. ग्यानोबा त्याचं नाव, गावात शब्दाला वजन असलेला माणूस.

"गाडी न्या," तो म्हणाला. "पर चालू करायची न्हाई."

"चालू न करता कशी नेणार?"

"त्ये आमी बघताव."

सर हसले. भोवती कुणी हसलं नाही, तेव्हा त्यांनी हसणं आवरलं. "हे बघा बाबा, ही दोन टनांची गाडी आहे."

"आसंल की," ग्यानोबा म्हणाला आणि बैल आणायला निघून गेला.

त्याची देवणीची जोडी होती, पांढऱ्यावर काळे ठिपके, अंगानं भरलेली, चालीनं शांत. गाडीच्या पुढच्या कडीत जाड दोराचा सोल अडकवला, जू चढवलं. सुकाणू धरायला कुणीतरी आत बसणं भाग होतं आणि किल्ली सरांकडे होती. इंजिन बंद असलं की त्या गाडीचं सुकाणू दगडासारखं जड होतं, ब्रेकही पाय मोडून दाबावा लागतो. कोटातले सर दोन्ही हातांनी चाक ओढत होते, कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन लोंबत होता, आणि पुढं बैल शेपट्या हलवत, पावसाला वेळ आहे अशा बेतानं चालले होते. एका बैलानं वाटेत शेण टाकलं. नव्याकोऱ्या टायरला ते चुकवता आलं नाही. गाडी इतकी गुपचूप चालली होती की मागं येणाऱ्या बायकांच्या वहाणांचा आवाज ऐकू येत होता. गाव फाट्यापर्यंत पोचवायला आलं होतं, लग्नातल्या नवरीला येतं तसं. पोरांनी फोन काढले होते.

"आदर्श, बस ना गाडीत," सर काचेतून म्हणाले. आवाजात पहिल्यांदाच विनंती होती.

"मी राहतो सर आज. मायच्या हाताला लागलंय."

"उद्या सकाळी लेक्चर आहे तुझं."

"दुसरं कुणी बघा."

हे म्हणेपर्यंत आपण असं म्हणणार आहोत हे आदर्शलाही ठाऊक नव्हतं. म्हटल्यावर मात्र त्याला हलकं वाटलं, आणि थोडी स्वतःचीही लाज वाटली. नांदेडला त्या गार केबिनमध्ये बसून आपण चहा पीत मान हलवली होती, तेव्हाच उठायला हवं होतं. सोल सुटला, गाडी डांबरी रस्त्यावर लागली. सर ती चालू करायला बराच वेळ धजले नाहीत. बैल परत फिरले, माणसंही फिरली.

बैलजोडीमागून जाणारे कोटवाले सर दोन दिवसांत लातूरभर पोरांच्या फोनवर फिरले. अमृतरावांनी म्हणे तो व्हिडिओ स्टाफरूममध्ये दोनदा लावून पाहिला आणि मग आपली गाडी आठवडाभर शेडमधून काढली नाही. श्रीपाद सर नांदेडला गेले तर नरसिंगनं जुना डबा भंगारात घातलेला. त्यानं दुसरा बसवला आणि खऱ्या दर्दी माणसाला शांत गाडीच शोभते, हेही त्याच गार केबिनमध्ये तितक्याच गोडीनं समजावून सांगितलं. सरांना ते इतकं पटलं की पुढच्या बॅचला त्यांनी त्यावर आख्खा तास घेतला. विषय होता, मोठी माणसं आवाज करत नाहीत. कोट तोच होता.

आदर्श उदगीरच्या एका कॉलेजात लागला. बसम्मा त्या दिवसानंतर आठ-पंधरा दिवस घरात झोपायला तयार नव्हती, तर सरजाबाई तिच्या खाटेशेजारी लिंबाखाली आपलीही वाकळ टाकायची. सुट्टीत आदर्श घरी गेला तेव्हा दोघी तिथंच शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यानं सरांच्या तासाची गोष्ट सांगितली.

"म्हंजी गाडी गप झाली?" सरजाबाईनं विचारलं.

"झाली."

"आन् त्यो?"

आदर्श हसायला लागला. बसम्माला अर्धं कळलं होतं, तीही हसली, तोंडाच्या एका बाजूनं. सरजाबाईनं शेंगांचं सूप त्याच्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "बस, फोड जरा. नुसते दात काढू नको."