आऊसगांग

सरोजिनीने बॅगेतली आमसुलांची पिशवी तिसऱ्यांदा बाहेर काढून पलंगावर ठेवली. विमान गुरुवारचं, आज शनिवार, आणि बाईचं मन काही केल्या थाऱ्यावर नव्हतं.

म्युनिकला लेकीचं, आर्याचं, पहिलं बाळंतपण. नवऱ्याच्या, दिनानाथांच्या, गुडघ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणजे जायचं ते एकटीने. आर्याने बारा पानं लिहून पाठवली होती: 'म्युनिक, विमानतळ आणि शहर, खास आईसाठी'. दिनानाथांनी ती घराजवळच्या बोळिंज नाक्यावरून छापून आणवली. पासपोर्टवाल्याला काय सांगायचं, नळाचं पाणी बेलाशक प्यायचं, रविवारी दुकानं बंद म्हणून दूध शनिवारीच आणायचं, काही म्हणून सोडलं नव्हतं. पण वाचून का कुठे धीर येतो? सात वर्षांपूर्वी बाई विरार स्टेशनातून पश्चिमेऐवजी पूर्वेला बाहेर पडली आणि चंदनसारच्या रिक्षांच्या गर्दीत तासभर रडवेली उभी राहिली. दिनानाथांनी जाऊन आणली. तेव्हापासून ती एकटी स्टेशनाची पायरी चढली नव्हती.

लेकीसाठी जीव तुटत होता. पण परक्या मुलखात हरवलेली आई काय कामाची? ते निस्तरायलाही पोरगीच. येत नाही म्हणून आज सांगूनच टाकू, असं ठरवून तिने फोन लावला. नकार मात्र तोंडातून निघेना. उगाच वेळ काढायला तिने पाचव्या पानावरचा एक शब्द विचारला. तिथे लिहिलं होतं, बॅग घेतलीस की 'आऊसगांग' अशी पाटी शोध.

"हे आऊसगांग काय गं?"

बाहेर पडायची वाट, आर्या म्हणाली. मग स्वतःहून सांगू लागली.

"पहिल्यांदा उतरले ना, तेव्हा मी नुसतं आऊसच वाचलं. म्हटलं, आवस लिहिलंय. वेड्यासारखी भराभर चालत गेले. बाहेर कोणीच नव्हतं, आई."

आवस म्हणजे आई, त्यांच्या मालवणातला शब्द. आर्या रांगत शेजारी गेली की दिनानाथ विचारायचे, तुझी आवस खंय गो? आणि पोर बोट दाखवायची. सरोजिनीला भडभडून आलं. इतकी वर्षं हे पोरीने पोटात ठेवलं, आणि आपण फोनवर जेवलीस का एवढंच विचारत राहिलो.

"तुला न्यायला मी बाहेर उभी असेन," आर्या म्हणाली. "तू फक्त पाटी बघत ये."

फोन ठेवल्यावर दिनानाथांनी हळूच विचारलं, सांगितलंस का येत नाही म्हणून. तिने उठून आमसुलांची पिशवी बॅगेत घातली, चेन ओढली आणि चपला पायात सरकवल्या.

"विरार स्टेशनावर जाऊन येते. पूर्वेला बाहेर पडते आणि परत पश्चिमेला येते."

"थांब, मी येतो."

"तुम्ही गुडघे सांभाळा," ती दारातून म्हणाली. "पाट्या मला वाचता येतात."