निळ्या पट्टीचे पिंजरे

धाकट्या लेकीचं लग्न झालं त्या साली मावशी प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळायची, आणि त्या उंदरांच्या छातीत दादाचंच दुखणं होतं.

दादा तिचा थोरला भाऊ. सारा जन्म धान्याच्या गोदामात गेला. श्वासनळ्या सैल पडल्या आणि आत बुरशीनं ठाण मांडलं. एके काळी त्याची शीळ चार गल्ल्या ऐकायच्या. आता जिना चढताना दर दोन पायऱ्यांवर थांबावं लागायचं.

"काय म्हणतात तुझी लेकरं?" तो विचारायचा.

"तुझ्यापेक्षा गुणी आहेत. औषधाला नाक मुरडत नाहीत."

"त्यांना विचारतंय कोण? माझं दुखणं मुक्या जिवांच्या गळ्यात का बांधता गं?"

यावर मावशी त्याच्या हातात औषधाची गोळी ठेवायची.

संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंची दोन वर्षं तर उंदरांना नीट आजारी पाडण्यातच गेली होती. उंदीर एक तर बुरशी झटकून टाकायचा, नाहीतर मरायचा. दादासारखं रेंगाळणारं दुखणं जमेना. शेवटी जेलीच्या बारीक मण्यांत घालून बुरशी श्वासनळीत सोडली, तेव्हा कुठे ती टिकली. आजाराची खूणही बाईंनीच मावशीला शिकवली होती : आजारी उंदीर घरटं बांधत नाही, कागदाचे तुकडे तसेच पडून राहतात.

मग नवं औषध सुरू झालं. काही पिंजऱ्यांना निळी पट्टी, काहींना लाल. औषध कुणाला आणि नुसतं पाणी कुणाला, हे वरच्या मजल्यावरच्या औषधवाल्यालाच ठाऊक. मनात आशा असली की डोळे खोटं बोलतात, म्हणून या दोघींना सांगायचं नाही असं ठरलेलं.

एका सकाळी मावशी दारातच थबकली.

"बाई, धावा! निळ्यांनी घरं बांधलीत!"

खरंच. निळ्या पट्टीच्या पिंजऱ्यांत गोल, उबदार घरटी. लाल पट्टीच्या पिंजऱ्यांत नुसता पसारा.

"निळं म्हणजे औषधच ना?"

"मला तरी कुठे ठाऊक? पाणी निघालं तर सगळं मुसळ केरात. फुप्फुसं तपासल्याशिवाय काही खरं नाही, मावशी."

म्हणजे काय, ते मावशीला कळलं. शनिवारी उंदरांना कायमचं झोपवलं, तेव्हा प्रत्येकाला आधी तिनं ओंजळीत घेतलं.

फुप्फुसांचा अंश काचेच्या बशांत घालून उबेला ठेवला. काही दिवसांत लाल बशांवर बुरशीची लव उगवली. निळ्या बशा मात्र घासून ठेवल्यासारख्या स्वच्छ. बाईंनी वर फोन लावला. ऐकता ऐकता त्या मावशीकडे वळल्या.

"निळं म्हणजे औषध!"

मावशीनं बाईंना अशी मिठी मारली की त्यांचा चष्माच खाली पडला.

माणसांपर्यंत औषध यायला आणखी काही वर्षं गेली. दादानं तोवर कसाबसा तग धरला. औषध लागू पडल्यावर एका दुपारी मावशीच्या जिन्यात शीळ घुमली. ती भांडी टाकून दारात आली.

"अरे, दम लागेल!"

"लागू दे," दादा वर येत म्हणाला. "तुझ्या लेकरांना ऐकू जायला हवी."

दादा त्यानंतर अकरा वर्षांनी गेला, म्हातारा होऊन, झोपेत. निळ्या पट्टीचे उंदीर गेले ते धाकटीच्या लग्नाच्या साली, त्या शनिवारी, दुपारच्या आत.