झाडानं टाकलेली फुलं

माघ सरता सरता शकुनच्या हाताला दोन वास यायचे. एक फिनाईलचा, तो बारा महिन्यांचा. दुसरा संत्र्याच्या फुलाचा, तो आंबिया बहारापुरता, थंडी सरताना झाडं फुलतात तेवढ्या दिवसांचा. बोरगावच्या कंपनीच्या हॉलमधून ती फडकं घेऊन फिरायची, तेव्हा फिनाईल पुढं जाई आणि फुलाचा वास तिच्या मागून येई, गाईमागून वासरू येतं तसा. खुर्चीतली माणसं मान वर करून तो वास शोधत, आणि तोवर ती पुढच्या रांगेत पोचलेली असे.

शकुन माझी बायको. दिवाळीच्या तोंडावर गेली. ताप छातीत उतरला आणि नागपूरच्या रस्त्यातच ती थंड झाली. आमचा संत्र्याचा बगीचा सौंसरजवळ, तिची साफसफाईची नोकरी बोरगावला. ती गेल्यावर तिच्या जागेवर मी लागलो. लोक म्हणाले, या वयात दुसऱ्यांची टेबलं पुसणार का? मी म्हटलं, तिनं पुसली ती काय तिची होती?

तो हॉल असा लांब की या टोकाला कोणी खोकललं तर त्या टोकाला पत्ता लागत नाही. आत छातीएवढ्या कापडी भिंती आणि दोन भिंतींच्या मधे एकेक माणूस बसवलेला. पहिल्या दिवशी पाहिलं तेव्हा मला बगीच्यातली आळीच दिसली: प्रत्येक झाडाला वेगळं आळं, वेगळं पाणी, आणि फांदीला फांदी लागू नये इतकं अंतर. खळ्यावर उन्हात तुरीच्या शेंगा तडकतात, तसा बोटांखालच्या बटणांचा आवाज दिवसभर चाललेला. खिडक्यांवर पडदे ओढलेले, वरून एसीचा गारवा. उजेड सकाळी जसा तसाच संध्याकाळी. त्या उजेडात कोणाची सावली लांब होत नाही, आखूड होत नाही. बाहेर वैशाख असो की पौष, आत एकच ऋतू.

शकुन घरी येऊन चुलीपाशी बसली की म्हणायची, "अवो, त्या हॉलमधी झाड लावलं तर त्याले समजनारच नाही, कधी फुलावं ते."

तिची चाल सांगतो. पाय उचलून टाकायची, घासत नसे. कोणी फोनवर बोलत असलं की दोन्ही हातांतल्या बांगड्या कोपरापर्यंत चढवून घ्यायची आणि वरून पदराचं टोक गुंडाळायची, म्हणजे काच वाजू नये. ऐन श्रावणात, हिरवा चुडा नवा भरलेला असतानाही, तिचे हात त्या हॉलमधे मुके असत. घरी आली की चुडा खाली सोडायची आणि मग तो असा वाजायचा की गोठ्यातला बैल कान टवकारायचा. पांढुर्ण्याहून बसनं येणारी पल्लवी तिथं हिशेबाच्या कामाला आहे. ती मला पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "काकू आल्या का गेल्या, कळतच नव्हतं काका. टेबल चमकलं की समजायचं. तुम्ही मात्र येता तं बादली आधी बोंबलते."

"बादलीले जीभ आहे," मी म्हटलं, "तुह्या काकूले नव्हती."

"होती ना. पन ते फक्त तुमच्यासाठी ठेवली होती."

खरं बोलली पोरगी.

बहारात आमच्याकडं फांदीवरचं फूल कोणी तोडत नाही. फूल तोडलं म्हणजे संत्रं तोडलं. म्हणून शकुन दिवस मावळताना झाडाखाली जुनं लुगडं अंथरून ठेवी. सकाळी त्यावर झाडानं आपल्या मनानं टाकलेली फुलं पडलेली असत, पांढरी, जाड पाकळ्यांची, दवानं जड झालेली. ती ओटीत घेऊन ती गाडीवर माझ्या मागं बसायची, आणि हॉलमधे गेल्यावर प्रत्येक कापडी भिंतीच्या माथ्यावर चिमूट चिमूट ठेवत जायची. कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "त्यायले घरी जाईस्तोवर दिसत नाही ना, बाहेर काय चालू आहे."

यंदा ते काम माझ्यावर आलं. बहार आपोआप येत नाही. थंडीत झाडाचं पाणी तोडावं लागतं, पानं सुरकुतून गोळा होईपर्यंत थांबावं लागतं, मग पाणी दिलं की झाड जिवाच्या आकांतानं फुलतं. मी यंदा जरा जास्तच थांबलो. शेजारी बांधावरून म्हणाला, "बाईच्या दुखात झाडं वाळवून राहिले का बुवा?"

"फुलवून राहिलो," मी म्हटलं.

आणि फुललं. असं फुललं की सकाळी लुगड्याचा काठ दिसेना.

पहिल्या दिवशी मी फुलं भिंतीभिंतीवर ठेवली. हॉलचा कारभार पाहायला इंदूरकडच्या एक मॅडम नव्या आल्या आहेत. टेबलावर देवाचा फोटो नको, डबा नको, पेला नको, असा नियम त्यांनी आल्या आल्या लावलेला. त्यांनी रांगेत उभं राहून एक फूल दोन बोटांत धरलं.

"काका, टेबल पे कुछ नहीं रखना है, मालूम है ना?"

"टेबलावर नाही ठेवलं मॅडम. भिंतीवर आहे."

"ये कचरा है."

"कचराच आहे. झाडानं टाकलेलं आहे."

पल्लवीनं तोंडावर ओढणी धरली. मॅडम हसल्या नाहीत. "कल फिर दिखा, तो परसों से मत आना," त्या म्हणाल्या आणि काचेच्या खोलीत गेल्या.

संध्याकाळी मी टेबलांखालच्या कचऱ्याच्या टोपल्या रिकाम्या करायला निघालो. एका टोपलीत चहाचे कागदी पेले आणि खाली फुलं. दुसरीत फुलं. तिसरीत रुमालात गुंडाळून टाकलेली फुलं, शिंका येत असतील बिचाऱ्याला. सगळ्यांनी टाकली असं नाही, पण बऱ्याच जणांनी टाकली होती. मी टोपली हातात धरून तिथंच उभा राहिलो. या टोपल्या तेव्हाही रिकाम्या होतच होत्या, आणि करणारी शकुनच होती. वर्षानुवर्षं, दर बहारात, सकाळी ठेवलेलं संध्याकाळी तिच्याच हातात परत येत होतं. घरी येऊन तिनं एक शब्द काढला नाही. दिवस मावळताना ती परत लुगडं अंथरत होती, चारही कोपरे ओढून, सुरकुती राहू न देता.

त्या संध्याकाळी मीही अंथरलं. कोपरे तिच्यासारखे जमले नाहीत.

सकाळी परत भिंतीभिंतीवर फुलं ठेवली, काचेच्या खोलीच्या दारातही ठेवली. मॅडम लवकर आल्या.

"काका, मना किया था."

"हो. केलं होतं."

"फिर?"

"मले कामावरून काढायचं असन तं काढा मॅडम. मी गेटपाशी उभा राहीन आन् आत दुसऱ्याच्या हातानं पाठवीन. बहार सरेस्तोवर पाठवीन. मंग नाही पाठवनार."

पल्लवीनं भिंतीआडून मान न उचलता म्हटलं, "मी आनीन आत. पन काका, बसस्टँडवरून मले गाडीवर घ्या मंग. फुकट नाही आननार."

मॅडमनी वाकून दारातलं एक फूल उचललं आणि घड्याळाकडं पाहिलं. वरून कोणी विचारलं तर उत्तर त्यांनाच द्यायचं आहे, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "बड़े साहब दस बजे आते हैं," त्या म्हणाल्या. "उससे पहले एक भी नहीं दिखना चाहिए."

तेव्हापासून लोक येतात, खुर्ची ओढतात, वास घेतात किंवा घेत नाहीत, आणि साहेबाच्या आधी मी माझ्या हातानं सगळं झाडून घेतो. आता कोणाला टाकावं लागत नाही. तेवढीच मुदत मिळाली, तेवढी पुरते.

माणूस गेलं की त्याची जागा रिकामी राहते, असं दहाव्याला आलेले लोक सांगत होते. ते खोटं आहे. जागा लवकर भरते, तिच्या जागेवर तर मीच बसलो. काळ माणसाला नेतो, त्यापुढं कोणाचं चालत नाही. पण तिच्या हातचं काम मी रोज करतो तोवर ती फक्त गेलेली आहे, आणि ज्या दिवशी सोडीन त्या दिवशी ती हरवेल.