विहिरीवरचा हिरामण

सरस्वतीबाई अंबरनाथच्या एका शाळेत मराठी शिकवत आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहीत. त्यांच्या कादंबऱ्यांतले सैनिक प्रेमात पडत, लढाईत मरत, आणि मरताना प्रत्येकाला एक अख्खं, व्याकरणशुद्ध वाक्य बोलायला वेळ मिळे. बाईंनी लढाई पाहिली नव्हती. वाचकांनीही पाहिली नव्हती, त्यामुळे तक्रार कधी आली नाही.

१९८९च्या दिवाळीनंतर बदलापूरच्या बेलवलीतून तुळशी त्यांच्याकडे आली. ती बालवाडीत शिकवायची. तिचा नवरा हिरामण फौजेत होता आणि दोन वर्षांपूर्वी श्रीलंकेत मारला गेला होता. ती म्हणाली, बाई, तुमचं पुस्तक आवडलं, पण त्यातला सैनिक घोरत नाही.

बाईंना काही कळेना. मग तुळशीने सांगितलं, की हिरामण घोरायचा, पत्ते खेळताना लबाडी करायचा, जेवणावरून चिडायचा. पण तो गेल्यापासून लोकांनी सभांमधून त्याला इतका धुऊन-पुसून स्वच्छ केला होता, की आता हा कोण माणूस, असं तिलाच वाटू लागलं होतं. तिला त्याच्यावर कादंबरी हवी होती.

"मेला कसा तेही लिहा," ती म्हणाली. "मला सांगतात, गोळी लागली आणि जागीच गेला. सगळ्यांच्या बायकांना हेच सांगतात."

पाहिलेलं कुणी आहे का, असं बाईंनी विचारलं. एक होता. हिरामणच्याच पलटणीतला सुदाम फौजेतून सुटून शहाडच्या एका कारखान्यात गेटवर वॉचमन होता. तो तुळशीकडे दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा चहा प्यायला, "जागीच गेला" म्हणाला आणि उठला.

रविवारी दोघी त्याच्या खोलीवर गेल्या. उल्हासनगर कॅम्प एकमध्ये एका सिंधी शेठच्या पापडाच्या दुकानावर तो एकटा राहायचा. त्याने दोघींना जयभीम घातला, बसवलं आणि पुन्हा तेच सांगितलं. बाईंनी पेन काढलं. तुळशीने ते त्यांना परत पर्समध्ये ठेवायला लावलं. मग सुदाम बोलू लागला.

तिकडे त्यांची तुकडी एका गावात होती. शेजारच्या घरात एक म्हातारी एकटी उरली होती आणि भीतीने विहिरीवर जात नव्हती. तिची भाषा कुणाला येत नव्हती. हिरामण रोज सकाळी तिची कळशी भरून द्यायचा. त्या दिवशी विहिरीच्या वाटेवर सुरुंग होता. पाय गेले. हेलिकॉप्टर येईपर्यंत दुपार झाली. तोवर हिरामण शुद्धीवर होता आणि सुदाम त्याच्या ओठांना ओलं फडकं लावत बसला होता.

काही बोलला का, असं तुळशीने विचारलं. सुदाम म्हणाला, सांगण्यासारखं नाही, अगदीच साधं होतं.

"सांगा भाऊजी."

"म्हणाला, सुट्टीत सुकटीवरून तुळशीला उगाच बोललो. ताट सरकवून उठलो. तिला सांग, सुकट खारट नव्हती."

खाली शेठ कामगारावर ओरडत होता.

"खारटच होती," तुळशी म्हणाली. "मीठ दोनदा पडलं होतं."

मग ती रडली. सुदामही रडला. स्वतःच्या सैनिकांना मारताना दर वेळी रडलेल्या बाईंना मात्र रडू आलं नाही. चहा करायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी उठून स्टोव्ह पेटवला.

कादंबरी लिहायला दीड वर्ष गेलं. पुण्याच्या प्रकाशकाला ती आवडली, फक्त शेवटच्या क्षणी सैनिकाने सुकटीऐवजी मातृभूमीबद्दल बोलावं, निदान बायकोच्या डोळ्यांबद्दल, असं त्याचं म्हणणं होतं. बाईंनी सुकट काढली नाही. त्याने हस्तलिखित परत पाठवलं. शेवटी दादरच्या एका लहान प्रकाशकाने १९९२मध्ये ते छापलं. बेलवलीतल्या मंडळाने प्रकाशन समारंभ ठरवला होता. पुस्तक वाचल्यावर त्यांना हॉल मिळेना. सुदामने सगळं वाचलं आणि विहिरीचा रहाट डाव्या हाताला होता, एवढंच सांगितलं.

तुळशी हिरामणची सुट्टी संपते त्या पानापर्यंत वाचायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. बाईंनी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, तिथवर तो घरी असतो.

पुढच्या वर्षी एका सकाळी ती अंबरनाथला आली आणि म्हणाली, सगळं वाचलं. बाई काही विचारणार, तोच तिने विचारलं, "त्या म्हातारीचं पुढं काय झालं?"

बाईंना माहीत नव्हतं. पुस्तकात ती विहिरीनंतर कुठेच नव्हती.

"मग तिला पाणी कोण देत असेल?"

सुदामला विचारू, गावाचं नाव तरी आठवत असेल, असं बाई म्हणाल्या. त्यांनी शाळेत रजेची चिठ्ठी पाठवली, आणि दोघी उल्हासनगरला निघाल्या.